कप्तानांच्या कानात

आकडेताईंनी आयुष्यात एकदाही फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण कुठल्या साली कुणी कुणाला किती गोलांनी हरवलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात फोनवर बसल्या. तेव्हा लोक स्कोअर विचारायला फोन करायचे. पैज लावून बसलेले, हॉटेलात हुज्जत घालणारे, आजारी वडिलांसाठी विचारणारे. ताई स्कोअर सांगायच्या आणि फोन ठेवायच्या. तुम्हाला काय वाटतं, असं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून कधी सांगितलं नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात बरोबर उत्तर घालत राहिलं की आपल्यालाही एक तोंड आहे, याचा विसर पडतो. ताईंना तो पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

पुढे वर्तमानपत्र बसलं आणि ताई एका वाहिनीत गेल्या. तिथे ‘घरचा सामना’ नावाचा कार्यक्रम निघाला. मुख्य वाहिनीवर नेहमीचे समालोचक घसा कोरडा करत असताना दुसऱ्या वाहिनीवर दोन निवृत्त खेळाडू सोफ्यावर बसून तोच सामना बघायचे, गप्पा मारायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे. स्टुडिओत त्यासाठी बैठकीची खोली उभी केली होती. सोफा, दोन दिवे, एक खोटी खिडकी आणि खिडकीबाहेर रंगवलेलं झाड. मैदानापासून शंभर कोसांवर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि लोकांना खऱ्या समालोचनापेक्षा तेच गोड लागायला लागलं.

सोफ्यावर एका बाजूला गोलकीपर असायचा. हा जुना गोलकीपर म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस, पण मनाने वाईट नाही. दुसऱ्या बाजूला कप्तान. कप्तानांचं नाव त्या देशात कुणाला सांगावं लागत नसे. त्यांनी केलेल्या गोलांपैकी निम्मे डोक्याने मारलेले होते. मैदानावर त्यांचं डोकं फुटलं, टाके पडले, तरी ते बाहेर गेले नाहीत. ‘डोकं खांद्यावर आहे ना? मग खेळ,’ हे त्यांचं वाक्य शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं.

ताई काचेपलीकडच्या खोलीत, निर्मात्याच्या शेजारी बसायच्या. समोर एक बटण होतं. ते दाबून बोललं की आवाज सोफ्यावरच्या माणसाच्या कानात जायचा. पहिल्याच दिवशी निर्मात्याने नियम सांगितला होता, मत त्यांचं, माहिती आपली. नाव सांगायचं, आकडा सांगायचा, बटण सोडायचं. ताईंना हा नियम नवा नव्हताच.

पहिल्या मोसमात कप्तान प्रतिस्पर्धी संघातल्या पोरांची नावं विसरायचे. त्यात काही विशेष नव्हतं. दुसऱ्या मोसमात ते ज्या संघाकडून बारा वर्षं खेळले, त्याच्याच खेळाडूंची नावं विसरायला लागले. मध्यंतरात एकच गोष्ट तीनदा विचारायचे. आणि एके दिवशी निर्मात्याने कानात सांगितलं, ‘जाहिरात. दहा सेकंद. हसत राहा.’ कप्तान कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, ‘जाहिरात. दहा सेकंद. हसत राहा.’ गोलकीपर हसून हसून आडवा झाला. लोकांनी तो तुकडा लाख वेळा पाहिला. कप्तानांचा विनोद काय खास आहे, अशी वाहवा झाली.

एकट्या ताई हसल्या नाहीत. कानात येईल ते तोंडातून जातंय आणि मधे कुणी बसलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी निर्मात्याला गळ घातली, की कप्तानांच्या कानात फक्त माझा आवाज जाऊ दे, दोन आवाजांनी त्यांचा गोंधळ होतो. निर्मात्याने मान हलवली. त्याला काम झाल्याशी मतलब होता.

कप्तानांना त्यांची बायको गाडीने आणून सोडायची आणि सामना संपेपर्यंत बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसायची. ताई तिला वहिनी म्हणायच्या. एकदा प्रसाधनगृहाच्या दारात वहिनींनी ताईंचा हात धरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आयुष्यभर डोक्याने चेंडू मारले, आतल्या आत मार बसत गेला, आता हे विसरणं कमी होणार नाही. हे कप्तानांना सांगायचं धाडस वहिनींना झालं नव्हतं. डॉक्टरांना विनवून त्यांनी ते आपल्यापुरतं ठेवलं होतं.

“घरी ते खुर्चीत नुसते बसून असतात,” वहिनी म्हणाल्या. “इथे नव्वद मिनिटं ते पहिल्यासारखे असतात. तुम्ही आहात तोवर ते आहेत, ताई. कुणाला कळू देऊ नका.”

मग हात सोडताना म्हणाल्या, “कधी वाटतं, त्यांनीच एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, मला काहीतरी होतंय. मग आम्हाला दोघांना बोलता तरी येईल.”

ताईंनी शब्द दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे सगळा मोसम त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. खेळाडूंच्या नावांबरोबर त्या गोलकीपरच्या मुलांची नावं, आजचा वार, मागच्या आठवड्यात कप्तान स्वतः काय बोलले होते, तेही कानात सांगायला लागल्या. त्यांनी कप्तानांची कारकीर्द जाड कागदाच्या पत्त्यांवर लिहून ठेवली होती, सालवार; पत्त्यांचे कोपरे मळले होते. माणसाचं अख्खं आयुष्य आपल्या टेबलावर एका डबीत आहे, या विचाराने कधी कधी त्यांना जेवण जायचं नाही.

तो सामना दुपारचा होता. पंचावन्नाव्या मिनिटाला उंच आलेल्या चेंडूसाठी दोघे उडाले आणि डोक्यावर डोकं आदळलं. एक उठला. दुसरा, चार नंबरचा बचावपटू, उताणा पडून राहिला. डॉक्टर धावत आला, तोंडावर पाणी मारलं, दोन बोटं दाखवली. चार नंबर उठला, चालायला लागला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कुणीतरी त्याला दंडाला धरून फिरवलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि खेळ सुरू झाला.

“बघा, पक्ष बदलला,” गोलकीपर म्हणाला.

कप्तान मोठ्याने हसले. “डोकं खांद्यावर आहे ना? मग खेळ.” हे वाक्य त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. बाकी सगळं गेलं तरी ते राहिलं होतं.

ताईंसमोरच्या पडद्यावर चार नंबरचा चेहरा जवळून दिसत होता. तो अंगठा बोटांवर घासत होता, एकेका बोटावर, परत पहिल्यापासून. कप्तान सोफ्याच्या हातावर हात ठेवून गेलं वर्षभर हेच करत होते. ताईंना राग आला, डॉक्टरचा, टाळ्यांचा, त्या खोट्या झाडाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्यांनी बटण दाबलं.

“त्याला बाहेर काढा.”

“त्याला बाहेर काढा,” कप्तान म्हणाले. त्यांच्या भरदार आवाजात ते असं उमटलं की निर्मात्याने मान वर केली.

गोलकीपरला वाटलं, आता गंमत येणार. “हे तुम्ही म्हणताय, कप्तान? अंतिम सामन्यात सात टाके घेऊन गोल कुणी मारला? सांगा की जरा पोरांना ती गोष्ट.”

कप्तानांनी बोट कानाला लावलं आणि वाट बघायला लागले.

त्या सामन्याचा पत्ता ताईंच्या हातात होता. एक्याऐंशीवं मिनिट, डावीकडून कॉर्नर, हेडर, दोन-एक. निर्माता शेजारून ओरडत होता, सांगा, सांगा. थेट प्रक्षेपणात चार सेकंद म्हणजे फार मोठा वेळ. कप्तान कॅमेऱ्याकडे बघत होते, ओठ किंचित उघडे, अत्यंत विश्वासाने. ताईंनी पत्ता उलटा ठेवला.

“मला तो सामना आठवत नाही,” त्या बटण दाबून म्हणाल्या.

“मला तो सामना आठवत नाही,” कप्तान म्हणाले.

गोलकीपरचं हसू तोंडावरच राहिलं. ताईंनी बोट बटणावरून उचललं होतं. कानात आता काही नव्हतं. कप्तानांनी कानावरचं बोट खाली घेतलं. मग गोलकीपरकडे वाकून, खासगीत सांगावं तसं, हळू आवाजात म्हणाले, “घरी सांगू नका.”

निर्मात्याने जाहिराती लावल्या. त्याने ताईंना एवढंच विचारलं, ते कोण बोललं? ताई म्हणाल्या, सुरुवातीचं मी. तो चिडला नाही. कपाळ चोळत म्हणाला, उद्यापासून येऊ नका. उरलेला सामना गोलकीपरने एकट्याने रेटला. आणि मैदानावर दुसरी वाहिनी कुणाला ऐकू जात नाही. चार नंबर शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला, त्याचा संघ जिंकला आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं.

ताई पत्त्यांची डबी घेऊन बाहेर आल्या. बाहेरच्या खोलीत वहिनी कप्तानांचा कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टीव्ही चालूच होता. त्यांनी ना ताईंना दोष दिला, ना त्या रडल्या.

“त्यातलं तुमचं किती होतं?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. सगळं त्यांचंच, असं म्हटलं असतं तर बाईला जे हवं होतं ते मिळालं असतं, आणि शेवटचंही माझंच, असं म्हटलं असतं तर निदान एक घाव चुकला असता. पण बत्तीस वर्षांत ताईंनी कुणाला चुकीचा स्कोअर सांगितला नव्हता.

“त्याला बाहेर काढा, ते माझं,” त्या म्हणाल्या. “आठवत नाही, तेही माझंच.”

“आणि शेवटचं?”

“ते त्यांचं, वहिनी.”

वहिनी कोटाची कॉलर सरळ करत राहिल्या. ती सरळच होती.

“म्हणजे त्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “मी वर्षभर त्यांच्यापासून लपवलं. ते माझ्यापासून लपवत होते. रोज एका टेबलावर जेवलो आम्ही.”

ताईंच्या कुठल्याच पत्त्यावर हे लिहिलेलं नव्हतं. दिलेला शब्द आपण मोडला आणि त्यातून कुणाचं भलंही झालं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

तेवढ्यात एक मदतनीस कप्तानांना घेऊन आला. चेहऱ्यावर रंग तसाच होता, कानात ते यंत्रही तसंच. वहिनी उठल्या. त्यांनी कोट त्यांच्या खांद्यांवर घातला, बटणं लावली आणि मग कानातलं काढायला हात वर नेला. कप्तानांनी तो हात मधेच धरला.

“राहू दे,” ते सौजन्याने म्हणाले, ओळख नसलेल्या बाईशी बोलावं तसे. “ताई सांगतात.”

वहिनींनी हात खाली घेतला आणि ताईंकडे बघितलं. बटण काचेपलीकडच्या खोलीत राहिलं होतं. ताई दोन पावलं पुढे झाल्या, कप्तानांच्या कानाशी गेल्या.

“ही तुमची बायको आहे, कप्तान. हिच्याबरोबर घरी जायचं.”

“ही माझी बायको आहे,” कप्तान वहिनींना म्हणाले. “हिच्याबरोबर घरी जायचं.”