व्याकरणबाईंचा विज्ञानाचा तास

शाळेत त्यांना सगळे व्याकरणबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ फिरली की व्याकरणबाई. पाणी प्यायला जायचं असलं तरी आधी मुलाचं वाक्य दुरुस्त व्हायचं, मग पाणी मिळायचं. त्यांचे यजमान त्याच शाळेत विज्ञान शिकवत. इतकी वर्षं एका छपराखाली, घरीही आणि शाळेतही, पण एकाच्या विषयातलं दुसऱ्याला ओ की ठो कळत नसे. सर चिडवायचे, "तुमच्या भाषेत नियम कमी आणि अपवादच जास्त." बाई म्हणायच्या, "असू देत. आमची पुस्तकं निदान लोक झोप उडावी म्हणून वाचतात. तुमची झोप यावी म्हणून."

एका सकाळी शाळेला निघताना सरांच्या उजव्या हाताला शर्टाचं बटण सापडेना. बाईंना वाटलं, बटण तुटलं असेल. त्या सुईदोरा घेऊन आल्या तेव्हा सर पलंगाच्या कडेला कलंडले होते.

जीव वाचला. पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. कानावर पडलेलं सगळं त्यांना कळायचं, जिभेवर मात्र एकच शब्द उरला होता, 'नाही'. हो म्हणायचं असलं तरी 'नाही', तहान लागली तरी 'नाही', आणि नको असलं तर अर्थातच 'नाही'. कुठलं नाही खरं आणि कुठलं खोटं, ते डोळ्यांवरून ओळखायचं. आयुष्यभर शब्दांची फोड करणाऱ्या बाईंच्या वाट्याला आता एका शब्दाचं व्याकरण आलं होतं.

महिन्याभराने बाई पुन्हा शाळेत जाऊ लागल्या. दिवसा सरांपाशी सरांची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद बसायची. त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं.

"विज्ञानाला माणूस मिळत नाही," ते म्हणाले. "बाकीचे वर्ग कसेबसे वाटून दिले. सातवी उरली आहे. तुम्ही घ्याल?"

"मी? अहो, मी विज्ञानात काठावर पास झालेली बाई. पोरांचं वाटोळं होईल."

"पण तुमच्या घरी जाणकार माणूस आहे ना…" आपण काय बोलून गेलो, ते मुख्याध्यापकांच्या उशिरा लक्षात आलं.

बाईंनी मात्र ते वाक्य धरून ठेवलं. सर दिवसभर भिंतीकडे बघत पडून असतात, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. "घेते," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी पलंगाशी स्टूल ओढलं, सातवीचं पुस्तक उघडलं आणि धडा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सर डोळे मिटून ऐकत होते. मग बाई पुस्तक मिटून तोच धडा आपल्या शब्दांत सांगू लागल्या, आणि अर्ध्यातच पलंगावरून आवाज आला, "नाही!" हे खरं नाही होतं. बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा "नाही!" चौथ्या-पाचव्या खेपेला सरांनी नुसती मान हलवली, आणि बाईंना परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

स्वयंपाकघरातून नणंद आली. "अगं, आजारी माणसाला कसला त्रास देतेस? जरा पडू दे त्याला."

"नाही," सर बहिणीकडे बघून इतक्या जोरात म्हणाले, की ती आल्या पावली परत फिरली.

मग वर्गातला पहिला दिवस आला. सरांच्या तासाला मुलांना सवय होती ती धूर, ठिणग्या आणि भांडी फुटण्याची. बाई टेबलामागे उभ्या राहिल्या आणि सरळच बोलल्या, "मी सर नाही. या तासाला काय होईल ते आधीच सांगते. मला येत नसेल ते येत नाही असं मी म्हणेन, आणि दुसऱ्या दिवशी विचारून येऊन सांगेन. तुम्ही हसायचं नाही. मीही तुमच्या बोलण्यातल्या चुका काढणार नाही."

"खरंच, बाई?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"काढीन. पण तास संपल्यावर."

मुलं हसली आणि गाडी रुळावर आली. बाई रोज संध्याकाळी घरी प्रयोग करून बघायच्या. स्टुलावर पेल्यात पाणी, पाण्यात अंडं, मीठ घातलं की अंडं वर. सर डाव्या हाताने खुणावायचे, अजून मीठ, अजून. अंडं तरंगलं तेव्हा दुखण्यानंतर पहिल्यांदा सरांचं तोंड हसल्यासारखं वाकडं झालं.

मग 'काम' हा धडा आला. बाईंना वाटलं, हा तर साधा शब्द आहे. पुस्तकात लिहिलं होतं, की बल लावून वस्तू जागची हलली तरच काम झालं. वस्तू हलली नाही तर काम शून्य. बाईंनी एका दांडगट मुलाला भिंत ढकलायला लावली. तो लालबुंद झाला, भिंत होती तिथेच राहिली. "किती काम झालं?" बाईंनी विचारलं. "शून्य!" वर्ग ओरडला.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील एका इमारतीच्या दारावर पहारेकरी होते. "बाई, माझे बाबा दिवसभर दारात उभे असतात. काही ढकलत नाहीत, काही उचलत नाहीत. मग ते काम नाही?"

वर्ग खो खो हसला. मुलगी खाली बसली नाही. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी सरांची चादर बदलायची होती. बाईंनी त्यांना काखेत हात घालून बसतं केलं आणि नणंद चादर ओढेपर्यंत तसंच धरून ठेवलं. पाठीतून कळ गेली. चादर झाली, नणंद बाहेर गेली, आणि बाई स्टुलावर बसल्या. पहारेकऱ्याच्या मुलीचा प्रश्न त्यांनी सांगितला, पण सांगता सांगता आवाज चढला.

"आणि मी आत्ता तुम्हाला धरून उभी होते ते काय हो? तुम्ही तसूभर हलला नाहीत. म्हणजे तेही शून्यच ना? तुमच्या पुस्तकाप्रमाणे मी इतके महिने काही केलंच नाही!"

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, जीभ हासडून टाकावी. सरांचे डोळे भरले होते. मग त्यांनी डाव्या हाताने पुस्तक उचललं आणि हात सरळ पुढे करून धरलं. थोड्याच वेळात हात थरथरायला लागला. बाई पुस्तक घ्यायला पुढे झाल्या, तर सर म्हणाले, "नाही." त्यांनी हनुवटीने आपल्या दंडाकडे खूण केली. बाईंनी तिथे हात ठेवला. पुस्तक हवेत स्थिर होतं, पण कातडीखाली स्नायू सारखे आखडत होते, सुटत होते, पुन्हा आखडत होते. आत नुसती धावपळ चालली होती.

"म्हणजे खर्च होतो," बाई हळू म्हणाल्या. "बाहेर दिसत नाही. पण आत होतो."

"नाही," सर म्हणाले. ते हो होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला हात पुढे करून पुस्तक धरायला लावलं. आधी खिदळणं, मग कुरकुर, मग एकेकाचे हात लटपटू लागले. "पुस्तक हललं का?" "नाही, बाई!" "दमलात का?" "हो, बाई!"

"मग नीट ऐका. पुस्तकावर काम झालं नाही, एवढंच विज्ञान म्हणतं. तुम्ही दमला नाहीत असं ते म्हणत नाही. तुमच्या स्नायूंनी आत ऊर्जा खर्च केली." त्यांनी पहारेकऱ्याच्या मुलीला उभं केलं. "तुझे बाबा संध्याकाळी दमून घरी येतात ना? ते खोटं नाही दमत."

मुलगी बसली. दुसऱ्या दिवशी तिने येऊन सांगितलं, "बाई, बाबांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. म्हणाले, मालकालाही एकदा सांगून बघ."

वर्ष संपत आलं होतं तेव्हा सर गेले. दुसरा झटका आला, भर दुपारी. बाई वर्गातच होत्या. मुख्याध्यापक स्वतः दारात येऊन उभे राहिले. बाईंनी खडू ठेवला. "उरलेलं उदाहरण घरी सोडवा," त्या मुलांना म्हणाल्या आणि पदराला हात पुसत बाहेर पडल्या.

माणसं येत होती, जात होती. नणंद धाय मोकलून रडली. बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळे म्हणाले, धीराची बाई. बाईंना स्वतःला मात्र तो धीर वाटत नव्हता. आत कुठेतरी काहीतरी गोठून बसल्यासारखं वाटत होतं.

त्या शाळेत परतल्या तेव्हा विजेचा धडा उरला होता. दोन सेल, तारा आणि एक छोटा दिवा. घरी आधी करून बघायला हवं होतं, पण त्या स्टुलावर बसायला त्यांचं मन धजलं नव्हतं. वर्गात तारा जोडल्या, दिवा लागला नाही. पुन्हा जोडल्या. नाही. मुलं बाईंकडे बघत होती. त्यांच्या डोळ्यांतली कीव बाईंना सोसवेना.

"का लागत नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"उद्या सांगाल?" सवयीने कोणीतरी बोललं आणि जीभ चावली.

"नाही. आता घरी विचारायला कोणी नाही. इथेच शोधायचं. या सगळे पुढे."

मुलं टेबलाभोवती गोळा झाली. कोणी दिवा बदलला, कोणी तारांची टोकं घासली, कोणी नुसताच सल्ला दिला. शेवटी पहारेकऱ्याच्या मुलीने वाकून दोन्ही सेल नीट पाहिले. "बाई, दोन्हीची डोकी समोरासमोर आहेत. एकमेकांना अडवत असतील." तिने एक सेल फिरवून ठेवला. दिवा लागला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारण बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि रडत होत्या, मोठ्याने, लहान मुलासारख्या. वर्ग तसाच उभा राहिला. एका मुलाने जाऊन दार लोटलं, म्हणजे बाहेरून कोणी बघू नये. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, "हं. आता आकृती काढा."

नव्या वर्षी शाळेला विज्ञानाची शिक्षिका मिळाली. वयाने लहान, पदवी कोरी करकरीत. मुख्याध्यापकांनी तिला बाईंकडे पाठवलं. प्रयोगशाळेच्या किल्ल्या हातात घेऊन तिने विचारलं, "बाई, सातवीच्या तासाला काय काय होतं? मी कशाची तयारी ठेवू?"

"कपाटाचं दार जरा उचलून ओढा, नाहीतर हातात येईल. स्पिरिटचा दिवा कुलपात ठेवा. प्रयोग आदल्या दिवशी करून बघा, तरीही वर्गात फसेल. फसला की घाबरू नका, पोरांना जवळ बोलवा." बाईंनी टेबलावरच्या वह्या गोळा केल्या. "आणि 'काम' हा धडा आला की एक दिवस जास्त धरा. कोणाची तरी आई, कोणाचे तरी वडील त्यात येतात. घाईने पुढे जाता येत नाही."

"तुम्ही बसाल का त्या दिवशी वर्गात?"

बाई हो म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली, आणि त्या पाचवीच्या वर्गाकडे निघाल्या. आज तिथे विशेषणं शिकवायची होती.