साडूभाऊंचं आवतन

अख्ख्या परभणी जिल्ह्यात सणाच्या खऱ्या शुभेच्छा देणारा माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बाकी आपण सगळे सकाळी उठून कुणाकडून तरी आलेलं समईचं चित्र पुढे ढकलतो आणि चहा प्यायला मोकळे होतो. हे मी सत्तरी ओलांडल्यावर स्पष्ट लिहून ठेवतो आहे, कारण आमच्या नातेवाइकांत साडूभाऊंना इतकी वर्षं ‘फोनचं वेड लागलेला म्हातारा’ म्हटलं गेलं आणि ती समजूत रुजवण्यात सगळ्यांत मोठा वाटा माझा होता.

साडूभाऊ ताडकळसच्या पुढच्या एका खेड्यात शेती करतात. पुण्याच्या लेकीनं त्यांना फोन दिला. त्यावर लिहिणं त्यांना जमत नाही आणि तयार चित्रं पाठवणं मंजूर नाही. “त्यात माझं काय हाय? फूल दुसऱ्याचं, देव दुसऱ्यानं काढल्याला, अन् खाली फोटू कुन्या पुढाऱ्याचा!” म्हणून ते बोलून शुभेच्छा पाठवतात, प्रत्येकाला वेगळ्या, प्रत्येकाचं नाव घेऊन. घरात रेंज नसल्यामुळे त्यासाठी ते शिडी लावून कडब्याच्या गंजीवर चढतात. त्यामुळे त्यांच्या शुभेच्छांत आधी धाप लागलेली ऐकू येते, मग खोकला आणि मग आपलं नाव. एका दसऱ्याला तर खालून माझी मेहुणीही ऐकू आली होती, “अवो, उतरा की! हाडं मोडल्यावर सोनं कुन्या हातानं देनार?”

पण खरी गंमत शेवटी असे. त्यांच्या प्रत्येक शुभेच्छेला जेवणाचं आमंत्रण जोडलेलं असे, तेही पदार्थांसकट. “संक्रांतीच्या शुभेच्छा. तीळ लावून बाजरीची भाकर हाय, वांगं हाय, लोनी हाय. या.” ईदेला गावातल्या मित्राला त्यांचा निरोप जाई, “मुबारक हो. दुपारी म्या येतो,” आणि ते खरोखर जात. मी एकदा विचारलं, “साडूभाऊ, हे जेवणाचं कशाला मधे?” माझ्याकडे बघत ते म्हणाले, “पोळ्याच्या आदल्या सांजंला आपन बैलाच्या कानात सांगतो का न्हाई, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या? बैलाला आवतन अन् मानसाला नुसतं ‘हार्दिक’? बैल काय म्हनंल आपल्याला?”

एका दिवाळीला रामभाऊ नावाच्या एका नातेवाइकाला निरोप पाठवताना नंबरातला अंक चुकला आणि तो निरोप पूर्णेच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाला गेला. योगायोगानं त्यांचंही नाव रामभाऊच. ते गृहस्थ भाऊबीजेला बायकोसह दारात हजर झाले. अनारशांचं ताट संपेपर्यंत गार्ड आणि साडूभाऊ दोघेही भिडेपोटी जुनी ओळख असल्यासारखे बोलत होते. शेवटी साडूभाऊंनी विचारलं, “पर तुमी नेमके कोन?” गार्ड म्हणाले, “तेच मी विचारणार होतो.” पुढे गार्ड मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि साडूभाऊंचं आवतन खरं मानणारा एकुलता एक माणूस जिल्ह्याबाहेर गेला.

आम्हा नातेवाइकांचं काय? आमच्या ग्रुपचा ॲडमिन मी. सुरुवातीला लोक मला विचारायचे, “ते जेवायला बोलावतात, जायचं का हो?” मी शहाण्यासारखा सांगायचो, “अहो, सणाचं बोलणं ते. उगाच त्यांना खर्चात पाडू नका. हात जोडलेलं चित्र टाका, झालं.” सगळे हात जोडू लागले.

गेल्या पोळ्याला आम्ही नवराबायको पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. बायको म्हणाली, आलोच आहोत तर बहिणीकडे जाऊन येऊ. पोचेपर्यंत ऊन कललं होतं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, पत्रावळींची चळत, पुरणपोळ्यांवर झाकलेलं धोतर; आणि धुवट टोपी घालून साडूभाऊ रस्त्याकडे तोंड करून बसलेले. आम्हाला पाहताच ओरडले, “आलाव का! मला ठाऊक होतं!”

मेहुणी मला आत चुलीजवळ म्हणाली, “दाजी, दर सनाला हेच. बोलावलंय, येतील म्हनतेत अन् दुपार सरंपस्तोर जेवत न्हाईत. मग समदं गल्लीत वाटायचं.”

“आणि लोक का येत नाहीत, याला साडूभाऊ काय म्हणतात?”

“म्हनतेत, हात जोडलेत की त्यांनी. येनं व्हईना म्हनून माफी मागायलेत बिचारे.”

मेहुणी बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पुढल्या पोळ्याला कोनी आलं तर आलं. न्हाई तर म्या तो फोन हौदात टाकते.” साडूभाऊ नुसते हसले.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला. आवाज उतरलेला होता. पदार्थ नव्हते. “उद्या पोळा. या. न्हाई जमलं तरी खुशाल ऱ्हावा.” मग आयुष्यात पहिल्यांदा मी ग्रुपवर लिहिण्याऐवजी बोललो. म्हणालो, “साडूभाऊ या म्हणतात तेव्हा ताट वाढलेलं असतं. आजवर मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आपण गेलो नाही की ते उपाशी बसतात.” ग्रुपवर कुणी हातसुद्धा जोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या बसनं गेलो. दुपार झाली. शिंगं रंगवून, झूल पांघरून बैल तयार उभे. साडूभाऊ रस्त्याकडे बघत होते, मेहुणी त्यांच्या खिशातल्या फोनकडे. मी कुणाकडेच बघू शकत नव्हतो.

मग वळणावर एक मोटारसायकल दिसली. तिच्या मागे आणखी दोन. मग जिंतूरकडच्या मंडळींची जीप, मग भाच्याचा टेम्पो आणि त्यात उभी राहून आलेली अख्खी सेलू शाखा! अंगणात चपलांचा ढीग झाला. साडूभाऊ दारात उभे राहून एकेकाचं नाव पुकारत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, “म्हनलो नव्हतो का, येतेत!” मला सांगितलं, मेहुणीला सांगितलं, बैलांच्या पाठीवर थाप मारून त्यांनाही सांगितलं. तिसऱ्या पंगतीला पुरण संपलं, तेव्हा शेजारणी आपापल्या घरच्या पोळ्या घेऊन आल्या. पदरानं घाम पुसत मेहुणी म्हणाली, “दाजी, आता त्या फोनला हळदीकुंकू लावा!” इतकी हसलेली मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर साडूभाऊंचा निरोप आला. सण नव्हता. “पोचलाव का नीट? काल लय मजा आली. समदे गेले. आज अंगन लय मोठं वाटायलंय, बगा.” पुढे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. फोन बंद करायचा राहिला असावा.

मी तो निरोप पुन्हा ऐकला. बायकोला हाक मारून म्हणालो, “ताडकळसची बस किती वाजता आहे, बघ बरं.”