मागच्या चाकातली साळुंकी

जगात असा एकही आवाज नाही ज्याचं कारण आमच्या नंदईंना ठाऊक नाही, आणि त्यांनी कारण सांगितल्यावर बंद झाला असा आवाज मी तरी अजून ऐकलेला नाही. माझ्या नणंदेचे हे यजमान अकोल्यात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. पूर्वी त्यांचं बाळापूरला कापडाचं दुकान होतं. ते मुलावर सोपवून मोकळे झाले, तेव्हापासून त्यांनी कानालाच कामाला लावलं. कोणाचा पंखा करकरला, नळ घोरला, शिलाई मशीन खडखडली, की ते न बोलावता येतात. आल्यावर कोणाला बोलू देत नाहीत. डोळे मिटतात, मान तिरपी करतात आणि म्हणतात, "वहिनी, लाटनं आना." लाटण्याचं एक टोक वाजणाऱ्या वस्तूला लावायचं आणि दुसरं कानाला, वैद्य नाडी बघतो तसं. एकदा त्यांनी आमचा फ्रीज अर्धी दुपार असा तपासला. घरात पोळ्या लाटायच्या राहिल्या. शेवटी म्हणाले, "याच्यात बिघाड काई नाई. याले घरात करमत नाई." दुसऱ्या दिवशी फ्रीज बंद पडला. "मी म्हटलं नवतं?" असं ते नणंदबाईंना मोठ्या अभिमानाने म्हणाले. काय म्हटलं होतं, ते आम्हा दोघींना अजून कळलेलं नाही.

आवाजांची त्यांनी पाखरं केली आहेत. पारवा घुमला की बेरिंग, टिटवी ओरडली की पट्टा, साळुंकी बोलली की ब्रेकचं लायनर. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकातून कुईं कुईं असा आवाज यायला लागला, तेव्हा त्यांना घरी पाहुणा आल्यासारखा आनंद झाला. "साळुंकी हाय, साळुंकी," म्हणत ते गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने चाक जॅकवर चढवून फिरवलं. आवाज नाही. खाली उतरवून नंदईंना मागे बसवलं आणि चक्कर मारली. आवाज चालू. असं बऱ्याचदा झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "काकाजी, हवा में चूप बैठती है, जमीन पे आई की बोलती है. अब मैं खोलूं तो क्या खोलूं?" नंदई म्हणाले, "तिले लाज वाटते तुह्यासमोर." शेवटी लायनर बदललं, मग बेरिंग बदललं, मग कुठलंसं रबर. आवाज होता तसाच राहिला. एवढंच समजलं की पुढे कितीही माणसं बसली तरी गाडी गप असते आणि मागे कोणी बसलं की बोलते. नंदईंना याचं वाईट वाटलं नाही. एवढा चिवट आवाज त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

त्याच गाडीतून मुलीला बाळंतपणासाठी आणायला अमरावतीला जायचं ठरलं. मला एकच मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि मी त्यासाठी कधीपासून जुनी लुगडी धुऊन, मऊ करून ठेवली होती. पण तिच्या सासूबाई, आमच्या ईनबाई, फोनवर म्हणत, "अमरावतीत एवढे दवाखाने असून अकोल्याले न्यायचं काय काम?" मी नुसती मान हलवायची, आणि फोनवर हलवलेली मान कोणाला दिसते? शेवटी त्या कशाबशा तयार झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की न्यायचं तर याच आठवड्यात न्या, नंतर प्रवास नको.

ईनबाईंनी आपल्या हातांनी सुनेची ओटी भरली. गहू, नारळ, खण, सगळं रीतीप्रमाणे. भरल्या ओटीनं उंबरा ओलांडला की मागं फिरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मुलगी गाडीत बसली, शेजारी मी बसले. गाडी फाटकापासून चार हात गेली आणि मागून कुईं कुईं सुरू झालं.

"थांबा!" ईनबाईंनी हात वर केला. "काय वाजून रायलं हे?"

दुसरा कोणी असता तर काहीतरी सांगून पुढे गेला असता. नंदई हसत खाली उतरले. "तुमालेई ऐकू आलं? वा! कोनत्या चाकातून आलं, सांगा बरं?"

"चाकातून? मंग मी सून पाठवत नाई. रस्त्यात चाक निंघालं त?"

झालं. गाडीत बसवायचं नाही आणि भरल्या ओटीनं घरात परत घ्यायचं नाही. मग मुलीसाठी फाटकाबाहेर खुर्ची मांडली आणि ती बिचारी ओटी सांभाळत गल्लीत बसली. येणारे-जाणारे चौकशी करू लागले. नंदईंना मोठा आनंद झाला. "ईनबाई, तुमचं लाटनं आना." "लाटनं? गाडीले?" असं म्हणत त्यांनी आणूनही दिलं. मग मला एकटीला मागे बसवून चक्कर झाली. वाजलं. मुलीला एकटीला बसवून हळूच कोपऱ्यापर्यंत नेलं. वाजलं. आम्ही जागा बदलल्या, तरी वाजलं. मी इतक्या वेळा चढले-उतरले की मला उजवं कोणतं आणि डावं कोणतं तेच कळेना. एवढं मात्र कळत होतं की मुलगी आज आली नाही तर येणारच नाही. "वाजू द्या हो, पाठवा तिला," हे शब्द ओठांपर्यंत येत होते आणि तिथून परत जात होते.

"राहू द्या मंग," ईनबाई म्हणाल्या. "इथंच करू बाळंतपन."

तेवढ्यात नंदईंनी लाटणं त्यांच्याच हातात दिलं. "ईनबाई, आमच्या वहिनीचा कान कच्चा हाय. तुमचा कान तयार. तुमी बसून सांगा, मंग तुमी म्हनसान तसं."

"कोपऱ्यापर्यंतच हं," म्हणत त्या बसल्या. मधे मुलगी आणि दोन बाजूंना आम्ही दोघी. गाडी कोपऱ्यावर गेली. आवाज नाही. "हळू चालवून रायले तुमी, जरा जोरात घ्या," ईनबाई म्हणाल्या. मोठा रस्ता आला. आवाज नाही. "आता वाजंल," त्या म्हणाल्या. बडनेरा आलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते, मान तिरपी होती आणि लाटणं दाराला टेकवलेलं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एकदम दचकून म्हणाल्या, "अवं बाई, दूध गॅसवर हाय माह्यं! फिरवा गाडी!"

"भरल्या ओटीनं?" नंदईंनी विचारलं.

ईनबाईंनी शेजारणीला फोन करून गॅस बंद करवला आणि हळूच म्हणाल्या, "आन मी उतरली का वाजंलच ते." अशा त्या नेसत्या लुगड्यानिशी अकोल्यापर्यंत आल्या, रात्री माझ्या हातची भाकर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी लाटणं घेऊन एसटीने परत गेल्या.

मी नंतर धीर करून नंदईंना विचारलं, "भाऊजी, तिघी बसल्या की वाजत नाही, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"वजन बरोबर झालं का साळुंकी बसते. शास्त्र हाय ते," ते म्हणाले, आणि थोडा विचार करून, "पारवा असता त मले जमलं नसतं." हे उत्तर हो होतं की नाही, हे मला कळलं नाही. अजूनही कधीकधी भांडी घासताना त्याचा विचार करते.

नात माझ्याच घरी झाली. सव्वा महिना माझ्या मांडीवर होती. मग नंदईंनीच आम्हाला अमरावतीला नेऊन सोडलं. जाताना मागे मी, मुलगी आणि ती तान्ही. गाडी वाजली नाही. तेवढ्याशा जिवाचं वजन ते किती, पण वाजली नाही.

येताना मागे मी एकटीच होते. बडनेऱ्याच्या आधीच कुईं कुईं सुरू झालं. एरवी नंदई दर मैलाला उतरून चाकाजवळ बसले असते. त्या दिवशी त्यांनी मान तिरपी केली नाही की पाखराचं नाव घेतलं नाही. समोर बघत सरळ गाडी चालवत राहिले. मी पदर तोंडाशी धरून बसले होते. घर आलं तेव्हा त्यांनी गाडी बंद केली आणि मागे न बघता तसेच बसून राहिले, माझे डोळे पुसून होईपर्यंत.