अक्काची खाराची डबी

ताडकळसचा बाजार उरकून एक ओळखीचे व्यापारी परभणीच्या दवाखान्यात आले, तेव्हा मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होतो. अक्काला रक्ताची उलटी झाली, एवढंच ते खालमानेनं म्हणाले… मी ताडकळसला पोचलो तोवर ती गेली होती; तिला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून. आम्हा लिंगायतांत समाधीही बसवूनच देतात. त्याला आता महिना होत आला.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला वाढवलं आणि अभ्यासापायी माझे कानही तिनंच पिरगाळले. गावातल्या लग्नांचे पापड तिच्या हातचे. पीठ भिजवायच्या आधी चिमूटभर पापडखार जिभेवर ठेवून ती त्याचा जोर ओळखायची. गेल्या हिवाळ्यात तिच्या बोटांचे सांधे सुजले. वैशाखात एकुलत्या लेकीचं, महादेवीचं लग्न. त्या लग्नाचे पापड दुसऱ्या कुणी लाटायचे ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. मी कंपाउंडर. डॉक्टरसाहेबांना न विचारता तिला ॲस्पिरिनच्या गोळ्यांची बाटली नेऊन दिली. बोटं मोकळी झाली. अक्कानं मला गावभर 'आमचा डॉक्टर' करून टाकलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

पंधरा दिवसांनी पोटात जळजळ सुरू झाली. दवाखान्यात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना सोड्याचं औषध मीच तर ढवळून देत होतो. म्हटलं, घरात पापडखार आहे, तोही सोड्याच्याच जातीचा, गोळीवर चिमूटभर पाण्यातून घेत जा. जळजळ थांबली. पुढच्या खेपेला बाटली मात्र मुदतीआधीच रिकामी.

"गोळ्या जुन्या दिल्यास का रे?" ती म्हणाली. "आग न्हाई पडत आता, पन बोटं पुन्ना आखडायलेत. मी दोनाच्या चार केल्या."

मी दुसरी बाटली पुढं केली. चार गोळ्या, प्रत्येकीवर खार… दिलं ते माझ्याच हातानं.

शेवटची भेट अंगणातल्या उन्हात झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, घागर उचलताना धाप लागत होती. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, असं ती सहज बोलून गेली, आणि स्वतःच हसत म्हणाली, "कारळाची चटणी लय खाल्ली बग." मीही हसलो. दवाखान्यात हेच कुणी सांगितलं असतं तर मी धावत डॉक्टरसाहेबांना बोलावलं असतं. बहिणीच्या घरी मात्र मी चटणी कमी कर म्हणून परतलो.

तेरावा झाल्यावर डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. खारानं गोळी अंगात टिकत नाही, लघवीवाटे लवकर निघून जाते, म्हणून दुखणं परत येतं आणि माणूस गोळ्या वाढवतो, असं त्यांनी समजावलं. खारानं आग तेवढी दबते, गोळ्या आतून जखम करतच राहतात, आणि ते डांबरासारखं काळं म्हणजे आतलं रक्तच. मग हैदराबादी बोलीत म्हणाले, "पेट चिल्ला रा था मियाँ, तुम लोगां उसका मुँह बंद कर दिये." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

लग्न ठरल्या तिथीलाच करायचं ठरलं. गेल्या आठवड्यात गेलो तर महादेवी आईच्या जागी बसून पापड लाटत होती. शेजारी खाराची पितळी डबी, आणि फळीवर माझी ती दुसरी बाटली, अर्धी भरलेली. मला पाहून तिनं बोटं चोळली.

"मामा, हात लय भरून आलेत. आईची एक गोळी घिऊ का? पोटात जळलं तर खार हायेच."

मी बाटली उकिरड्यावर रिकामी केली आणि तिला सगळं सांगितलं, मी काय केलं तेही. तिनं पिठापुरता खार काढून घेतला आणि डबी माझ्यापुढं सरकवली.

ती डबी आता दवाखान्यात माझ्या टेबलावर असते. दुखण्याची गोळी देण्याआधी मी ती दाखवतो आणि विचारतो, जळजळलं की घरी हे घेता का? बहुतेक जण हो म्हणतात.