फौजदारबाई मागच्या बाकावर

मोठ्या बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. दूधवाल्याने "ताजं आहे" म्हटलं की त्या आधी पिशवीला नाक लावत. कुलूप लावून जिना उतरल्या की पुन्हा वर येऊन ते ओढून बघत. नवरा हयात असताना पाहुण्यांना सांगायचा, "लग्नाला मी हो म्हणालो, तेव्हाही हिने दुसऱ्यांदा विचारून घेतलं होतं." बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

शाळेत मात्र ह्याच स्वभावाने त्यांचं नाव झालं. "समजलं, बाई" असा वर्गाने एका सुरात गजर केला की त्या खडू खाली ठेवत आणि एकेक चेहरा निरखत. "तू ऊठ. काय समजलं ते सांग." न समजता मान हलवणारं पोर त्यांना दारातूनच ओळखू यायचं. निकाल उत्तम लागायचे. मुलांनी त्यांचं नाव फौजदारबाई ठेवलं होतं, ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

अशा घरात सून आली ती शिक्षिका. तिच्या आधीच्या शाळेने तिला वर्षभरात घरी बसवलं होतं. इथे ती सासूच्याच शाळेत, भिंतीपलीकडच्या वर्गावर एका वर्षाच्या बोलीने लागली. घरी "आई" आणि "अगं", शाळेत मात्र दोघी एकमेकींना "बाई, तुम्ही" म्हणत. आता वर्ष सरत आलं होतं. तिला कायम करायचं की पुन्हा नारळ द्यायचा, हे तिचा वर्ग बघून ठरणार होतं. इथूनही गेली असती, तर तिसऱ्या शाळेने तिला दारात उभं केलं नसतं. हेडसरांनी वर्ग बघायचं काम नेमकं मोठ्या बाईंवर टाकलं.

"सर, ती माझी सून आहे."

"म्हणूनच. तुम्ही घरच्यांना सूट द्याल, अशी शंका या शाळेत कुणालाही येणार नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, ह्यावर बाईंनी दोन दिवस विचार केला.

बाईंना आधीपासूनच काहीतरी खटकत होतं. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा. गणिताच्या तासाला हसणं! त्यात चाचणीचे गुण लागले. गेल्या वर्षी बाईंच्याच हाताखालून काठावर पास होऊन गेलेली पोरं एकदम चमकली होती. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. सुनेने प्रश्न आधीच सांगितले असणार, दुसरं काय!

मग घरात पाळत सुरू झाली. सून जेवणाच्या टेबलावर प्रश्नपत्रिका काढायला बसली की सासूबाईंना नेमकं तेव्हाच ते टेबल पुसायचं असायचं. सून कागद पालथा घालायची.

"माझ्यापासून लपवतेस?"

"आई, प्रश्नपत्रिका आहे. सगळ्यांपासूनच लपवायची असते."

उत्तर बिनतोड होतं, त्यामुळे संशय आणखीच वाढला. मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो बूट काढता काढता म्हणाला, "आई, दुकानातून एखादं भिंग आणून देऊ का?" त्याच्याशी त्या दिवशी कुणी बोललं नाही.

शेवटी बाईंनी सुनेच्या वर्गातल्या दोन मुलींना पाण्याच्या नळापाशी गाठलं.

"काय गं, बाई पेपरातले प्रश्न आधी सांगतात ना?"

"नाही, बाई."

"मग एवढे मार्क कुठून आले?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली लहान चणीची म्हणाली, "आम्हाला खुर्ची मिळते ना, बाई."

"कसली खुर्ची?"

दुसरीने तिला कोपराने ढोसलं आणि दोघी बाटल्या अर्धवट भरून पसार झाल्या.

आता मात्र बाईंना राहवेना. दुसऱ्याच दिवशी, न सांगता, त्या सुनेच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसल्या. बाक मुलांच्या मापाचा, गुडघे काही केल्या मावेनात. सुनेचा चेहरा पांढरा पडला, पण तिने तास चालू ठेवला. फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार होता. तीनला अर्ध्याने भागा. अर्धा उलटा करा, गुणा, उत्तर सहा. तिने हात झटकले आणि विचारलं, "हं, आता सांगा. कुणाला नाही समजलं?"

पाच-सहा हात उत्साहाने वर गेले. बाई चाटच पडल्या. असा प्रश्न विचारल्यावर मुलं नजर चुकवतात, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

मग त्यांना खुर्ची दिसली. ऑफिसने टाकून दिलेली गोल फिरणारी खुर्ची फळ्याशेजारी ठेवली होती. ज्याला समजलं नाही, त्याने ऐटीत त्या खुर्चीवर बसायचं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत बाकीच्यांनी त्याला समजावायचं, असा तिथला कारभार होता. बाईंनी वर आलेल्या हातांवरून नजर फिरवली. ढोंगी. हाही ढोंगी. ती तर पक्की ढोंगी! एक गिरकी मिळावी म्हणून पोरं चक्क न समजल्याचं सोंग करत होती. खोटे होकार बाईंनी आयुष्यभर पकडले होते, खोटा नकार त्यांनी प्रथमच पाहिला. शेरा लिहायला त्यांनी पेन उघडलं.

तेवढ्यात सून पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हणाली, "तू हात खाली घे, चोरा. मघाशी तूच शेजारच्याला शिकवत होतास." वर्ग हसला, तो मुलगाही हसला. म्हणजे हिचंही लक्ष होतं तर. बाईंनी पेन मिटलं.

आणि तेव्हाच खिडकीजवळची मुलगी त्यांच्या नजरेत भरली. गेल्या वर्षी ती बाईंच्या वर्गात होती. मोत्यासारखं अक्षर, वहीत कुठे खाडाखोड नाही, विचारलं की रीत धडाधड म्हणून दाखवायची. बाईंनी तिच्यावर कधी संशयच घेतला नव्हता. आता तिचा हात हळूहळू बाकावरून उचलला गेला, खांद्यापर्यंत आला. मग तिने मागे वळून पाहिलं. बाई दिसल्या आणि हात झटकन खाली गेला. ती मान घालून समासाची रेघ गिरवू लागली.

त्या इथे गुन्हेगार शोधायला आल्या होत्या. पण ह्या वर्गात तो हात खाली पाडणारं माणूस एकच होतं, आणि ते मागच्या बाकावर बसलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या मुलीला उठवलं असतं तर ती पुन्हा रीत म्हणून मोकळी झाली असती. काय करावं, म्हणून त्यांनी फळ्याकडे पाहिलं. भागायचं म्हणजे वाटायचं. वाटल्यावर तीनचे सहा होतील कसे? इतकी वर्षं त्या स्वतः हेच उलटं करून, गुणून शिकवत आल्या होत्या. त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मागच्या बाकावरून हात वर गेला. "मला नाही समजलं."

सगळा वर्ग मागे वळला. सुनेला वाटलं, सासूने आपल्याला आता खिंडीत गाठलं. "कुठे अडलं, बाई?" तिने विचारलं.

"वाटल्यावर कमी व्हायला हवं. इथे वाढलं कसं? रीत येते मला. कारण माहीत नाही."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. आता संशय घ्यायची पाळी तिची होती. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "या. इथे बसावं लागेल."

बाई बसल्या. पोरं एकमेकांना पुढे ढकलू लागली. शेवटी तो मघाचा चोरच उठला. "बाई, तीन मीटर दोरी घ्या. अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे करा. किती होतात?"

"सहा."

"मग झालं की! इथे दोरी कुणाला वाटायची नाहीये. तीनमध्ये अर्धे किती बसतात, एवढंच विचारलंय."

"आणि पाव पाव मीटरचे केले तर?"

"बारा!" उत्तर खिडकीकडून आलं. ती मुलगी उभी राहिली होती. "तुकडा लहान, म्हणून तुकडे जास्त! बाई, मलापण आत्ताच कळलं." बोलून गेल्यावर तिला भीती वाटली असावी. पण बाई खुर्चीत हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

तास सुटल्यावर हेडसरांनी विचारलं, "काय मग? कायम करायचं?"

"करा."

"नक्की? तुमचा तर संशय होता म्हणे."

"तो चुकीच्या माणसावर होता," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

रात्री भांडी विसळता विसळता सुनेने विचारलं, "आई, खरंच समजलं नव्हतं, की माझ्यासाठी नाटक केलंत?"

"तुला काय वाटतं?"

"मला शंका आहे."

"असू दे. वर्गात कामाला येते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या वर्गात तेच गणित दोरीचे तुकडे करून शिकवलं. मग खडू ठेवला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "कुणाला नाही समजलं?"

मुलांनी चमकून पाहिलं. ह्यात काय डाव आहे, असा संशय प्रत्येक चेहऱ्यावर उमटला. कुणी वही जवळ ओढली, कुणी पाय आत घेतले. दारापाशी बसलेल्याला काही समजलं नव्हतं, मधल्या बाकावरच्या दोघींनाही नाही. बाईंना ते स्पष्ट दिसत होतं. एकेकाला नावाने उठवता आलं असतं. त्यांनी कुणालाही उठवलं नाही. हात मागे बांधून त्या थांबल्या. भिंतीपलीकडे पोरं हसत होती. घंटा होईपर्यंत बाई तशाच उभ्या राहिल्या, आणि एकही हात वर आला नाही.