हळदीची खळ आणि गुडलँड्सचं कव्हर

आमच्या बेटावरच्या फिनिक्स गावची ती तक्रार मला आजही विसरता येत नाही. पोलिसाच्या नोकरीत मी खून पाहिले, उसाला लावलेल्या आगी पाहिल्या, दारूच्या नशेत भावानं भावावर उगारलेला कोयता स्वतःच्या हातानं धरला. पण एका पुठ्ठ्याच्या कव्हरानं माझी जेवढी झोप उडवली, तेवढी दुसऱ्या कशानं नाही. नावं कोणाचीच देणार नाही. त्यातली काही माणसं मला अजून बाजारात भेटतात, आणि म्हातारपणी मला भांडणं नकोत.

स्वातंत्र्य यायला अजून काही वर्षं होती. आमच्याकडची पोरं तेव्हा नर्सिंग शिकायला विलायतेला जायला लागली होती. आमच्या ठाण्याच्या हद्दीत एक मराठी विधवा राहायची, तिची एकुलती मुलगी अशीच निघाली होती. बोटीचं तिकीट आलं होतं, बोट शनिवारी सुटणार होती. राहिला होता फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. तो माझ्या टेबलावरून राजधानीत, पोर्ट लुईला, गोऱ्या साहेबांकडे जाणार, त्यांची सही होणार, आणि पोर जाणार. सरळ काम होतं.

सोमवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत ठाण्यात आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. सगळे त्यांना मिस्ये, म्हणजे महाशय, म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांना गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड जमवायचा नाद होता, नाद कसला, वेडच. फिनिक्सची हवा दमट. पुठ्ठ्याची कव्हरं मऊ पडतात, कडा उसवतात, बुरशी धरते. ती दुरुस्त करायला मिस्ये या मायलेकींकडे पाठवत. मुलीचा बाप देवळातल्या पोथ्या बांधायचा, ते काम दोघींच्या हातात उतरलं होतं.

मिस्येंची तक्रार अशी: त्यांची सगळ्यात दुर्मिळ रेकॉर्ड कव्हरासकट मुलीकडे दुरुस्तीला गेली आणि परत आलीच नाही. मुलगी शनिवारी देश सोडून चालली आहे, तिला अडवा.

"दिली कोणी तिच्याकडे?" मी विचारलं.

"माझ्या पुतण्यानं. ने-आण तोच करतो."

पुतण्या दारात उभा होता. तिशीचा, केसांना तेल चोपडलेला, टाय लावलेला. त्यानं जबाब दिला, की दोन्ही वस्तू आपण मुलीच्या हातात दिल्या. आणायला गेलो तेव्हा "झालं नाही अजून" म्हणाली.

जबाब लिहून घेताना माझी नजर टेबलाच्या कडेला गेली. दाखल्याचा कागद तिथंच पडला होता. तक्रार नोंदली म्हणजे दाखला अडला, आणि दाखला अडला म्हणजे बोट गेली. पुढच्या वर्षी तिला कोण बोलावणार होतं?

झडतीला मी स्वतः गेलो. पत्र्याचं घर, पण लख्ख. व्हरांड्यात मिस्येंचंच दुसरं एक कव्हर दोन फळ्यांच्या मधे दाबलेलं, वर मसाल्याचा पाटा. आमच्याकडे त्याला सगळे रोश-कारी म्हणतात. मुलीचा चेहरा मला पाहूनच उतरला.

"काका, रेकॉर्ड आम्ही घेतच नाही," ती म्हणाली. "नुसतं कव्हर घेतो. खळ ओली असताना आत रेकॉर्ड गेली तर चिकटते. कव्हर मी त्यांच्या पुतण्याच्या हातात दिलं. आई होती समोर."

"पावती?"

"पावती कसली, काका? इतकी वर्षं कधी मागितली नाही कुणी."

आई चुलीपुढून उठली. बाईचा आवाज खणखणीत. "पोलीसदादा, माजी पोर चोर न्हाय. बग सगला घर, पेटी बग, देवाचा पाट पन उचलून बग."

बघितलं. काही सापडलं नाही. पण न सापडण्यानं कोण निर्दोष ठरतं? माझा हवालदार क्रिओल बोलीत पुटपुटला, "विकून टाकलं असेल हो." त्याच्यावर मी असा खेकसलो, की दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही.

निघताना फळीतून बाहेर डोकावणाऱ्या कव्हराच्या कडेला मला पिवळसर झाक दिसली. "हे काय?"

"हळद," मुलगी म्हणाली. "मैद्याच्या खळीत चिमूटभर घालतो, कीड लागत नाही. बाबा पोथ्यांना घालायचे. रंग वर आला तर उन्हात ठेवतो, उडतो." मी हं म्हणालो आणि सायकलवर बसलो. त्या वेळी माझ्या डोक्यात शनिवारची बोट होती, हळद नव्हती.

बुधवारी ठाण्यात फोन आला. बोलणारा मिस्येंसारखाच एक शौकीन, नाव सांगेना. "ती रेकॉर्ड गुडलँड्सच्या बाजारात एका दुकानात विक्रीला लागली आहे. मी डोळ्यांनी पाहिली." फोन ठेवला आणि मी तसाच बस पकडली. फिनिक्सहून गुडलँड्स म्हणजे बेट जवळजवळ उभं कापायचं. बसमध्ये मी स्वतःशीच म्हणत होतो, देवा, ते कव्हर फाटकंच असू दे. फाटकं असेल, तर तिच्याकडे गेलं ते दुसरंच कुठलं कव्हर, आणि पोर सुटली.

कव्हर फाटकं नव्हतं. काचेमागं दिमाखात उभं होतं, कणा ताठ, कोपरे धारदार.

पोलीस पाहून दुकानदाराचं तोंड आंबट झालं. "मो पा कोने," म्हणजे मला माहीत नाही, एवढंच त्याचं पालुपद. चोरीचा माल घेतल्याचं बालंट येईल म्हणून त्याची पाचावर धारण बसली होती. बरंच खडसावल्यावर तो बोलला, "एका माणसानं आणून दिलं. म्हणाला, फिनिक्सला एक मराठी पोर कव्हरं दुरुस्त करते, तिच्याकडचा माल आहे, पण याला दुरुस्तीचा हात लागलेला नाही. माणूस कसा होता आठवत नाही."

तिच्याकडचा माल! हा जबाब कागदावर उतरला, तर तिला कोण वाचवणार?

मी कव्हर हातात घेतलं. मिस्येंनी तक्रार देताना मला कव्हर कसं पारखायचं याचं व्याख्यानच दिलं होतं, आणि मी जांभया दाबत ते ऐकलं होतं. आता तेच कामी आलं. कव्हर खिडकीकडे तिरकं धरलं. आतली रेकॉर्ड घासून वर उमटणारा गोल वळ पुसट होता. कडेवरून बोट फिरवलं, कुठं अडलं नाही. मग तोंड उघडून आत पाहिलं. आतून कण्याला पातळ कागदाची पट्टी लावलेली होती, इतकी सफाईनं की वरून कळू नये. दुरुस्ती तिचीच. आणि पट्टीच्या शेवटी, कव्हराच्या तोंडाशी, बोटभर लांबीचा लालसर ओरखडा.

"हा लाल डाग तू पाडलास?"

"नाही साहेब. आला तेव्हापासून आहे. छपाईची शाई असेल."

शाई कुठली! माझ्या आईनं लाँग माउंटन गावच्या ओढ्यावर आयुष्यभर कपडे धुतले. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, आणि लहानपणी त्यासाठी मी पाठीत धपाटा खाल्ला आहे. पिवळी कड दिसली की कव्हर दुरुस्त केलेलं आहे हे उघड होणार आणि भाव पडणार, म्हणून कोणीतरी ती साबणानं पुसायला गेलं होतं. मायलेकी असं कशाला करतील? त्यांनी ते उन्हात ठेवलं असतं. मला त्या दुकानातच मोठ्यानं हसू आलं, आणि लगेच ते विरलंही. कारण हे काम पुतण्याचं, हे मला कळलं होतं, पण कोर्टाला काय दाखवणार?

गुरुवारी पुतण्याला ठाण्यात बोलावलं. आरोपी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. चहा दिला. गोड बोललो. त्या मुलीला मीच शिव्या घातल्या, म्हणालो, "ही पोरं अशीच हो." तो खुलला. मग मायलेकींच्या व्हरांड्यातून मागून आणलेलं ते दुसरं कव्हर त्याच्यापुढे ठेवलं. कड पिवळी होतीच.

"बघा, किती घाण काम," मी म्हणालो. "हा पिवळा डिंक कशानं निघेल? मिस्येंना द्यायच्या आधी पुसून टाकतो." आणि हवालदाराला हाक मारली, "अरे, हात धुवायचा साबण आण."

"साबण नको!" पुतण्या पटकन म्हणाला. "साबणानं लाल पडतं ते."

मी पेन खाली ठेवलं. हवालदार साबण घेऊन दारातच थांबला.

"डिंक लाल पडत नाही," मी म्हणालो. "हळद पडते. त्या खळीत हळद असते हे त्या घराबाहेर कोणाला माहीत नाही. तुम्ही साबण कुठे लावून पाहिलात?"

त्यानं आधी मोलकरणीचं नाव घेतलं, मग म्हणाला कुठंतरी ऐकलं होतं, मग घाम पुसला. मी गुडलँड्सचं कव्हर खणातून काढून शेजारी ठेवलं. ते पाहून तो रडायलाच लागला. रेकॉर्ड काकांच्या कपाटातून त्यानंच काढली होती, दुरुस्त होऊन आलेल्या कव्हरात घातली होती आणि कव्हराला हात लागलेला नाही असं सांगून विकली होती. दुकानदाराला समोर उभा केल्यावर त्याचीही स्मरणशक्ती एकदम परत आली.

वाटलं, सुटलो. कसलं काय!

शुक्रवारी सकाळी मिस्ये आले. एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "मी तक्रार मागे घेतो. पुतण्या माझ्या रक्ताचा आहे. कोणावरच काही नको. मिटवून टाका."

"आणि मुलगी?"

"तिच्यावरही काही नाही. तक्रारच नाही म्हटल्यावर झालं ना?"

झालं नव्हतं. डायरीत तिचं नाव चढलं होतं. पुढे 'तक्रार मागे घेतली' एवढंच आलं असतं, तर गोऱ्या साहेबांनी भुवई उंचावून विचारलं असतं, का मागे घेतली? दया आली म्हणून? आणि कागद बाजूला ठेवला असता. दाखला नेणारी दुपारची टपाल गाडी माझ्या डोळ्यांसमोर नाचत होती. मी म्हटलं, "मुलगी निर्दोष आहे आणि आरोप खोटा होता, असं तुमच्या हातानं लिहा."

"म्हणजे चोर कोण, हे सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. बाहेर बाकावर मुलीची आई कधीपासून बसून होती, तिचा खोकला आत ऐकू येत होता. माझा पारा चढला.

"मिस्ये, सोमवारी तुम्हीच मला शिकवलंत," मी म्हणालो. "कव्हर एकदा दुरुस्त झालं, की कितीही सुबक असो, ते 'दुरुस्त' म्हणूनच गणलं जातं, वरच्या दर्जात परत जात नाही. तुम्ही नुसती तक्रार मागे घेतलीत, तर ती पोर जन्मभर तशीच गणली जाईल. तिला काही झालेलं नाही. ती आहे तशीच बोटीवर चढली पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता काठी बसते. मग त्यांनी कागद ओढला. फ्रेंचमध्ये लिहिलं, स्पष्ट, पुतण्याच्या नावासकट. खाली सही केली. तो कागद आणि दाखला घेऊन मी टपालाच्या गाडीवर भरवसा न ठेवता स्वतः पोर्ट लुईला गेलो. गोऱ्या साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी सही केली.

शनिवारी धक्क्यावर ही गर्दी. मुलगी नव्या कोटात अवघडून उभी होती. तिनं वाकून मला नमस्कार केला, तेव्हा तिच्या नखांत ताजी पिवळी हळद दिसली.

"हे काय गं? जायच्या दिवशी?"

तिनं पिशवीतून कागदात बांधलेला गठ्ठा काढला. मिस्येंची उरलेली कव्हरं होती ती. "काम घेतलं होतं ना, काका. अर्धं टाकून कशी जाऊ? तेवढी त्यांना द्या. आणि सांगा, वरचं अजून ओलं आहे. सुकेपर्यंत आत रेकॉर्ड घालू नका म्हणावं."

आई पदरानं डोळे पुसत माझ्यावरच ओरडली, "नीट धर, पोलीसदादा, दुमडंल!"

त्या दिवसानंतर मी डायरीत कोणाचं नाव चढवताना थांबायला शिकलो. नाव चढवायला एक ओळ पुरते, उतरवायला काय लागतं ते मी पाहिलं होतं. साक्षीदाराच्या कपड्यांवर, त्याच्या बोलण्यातल्या ऐटीवर मी परत कधी भाळलो नाही. तरुण अधिकाऱ्यांनाही मी हेच सांगत आलो, आणि त्यांतले निम्मे ऐकतात.

गठ्ठा मी संध्याकाळी मिस्येंच्या घरी नेला. निरोप सांगितला. एरवी कव्हर हातात आलं की ते खिडकीकडे जायचे, तिरकं धरायचे, खोट काढायचे. त्या दिवशी ते खिडकीकडे गेले नाहीत. सगळ्यात वरचं कव्हर त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, टेबलावर हलकेच आडवं ठेवलं, आणि ते सुकेपर्यंत शेजारी खुर्ची ओढून बसून राहिले.