दुसऱ्यांच्या तोंडांचं बिऱ्हाड

घर बदलायचं ठरलं तेव्हा कवळीवाल्याच्या बायकोने एकच अट घातली: नव्या घरात दुसऱ्या कोणाचं तोंड येणार नाही.

तोंडं म्हणजे अगदी खरोखरची तोंडं. तिचा नवरा घरीच कवळ्या बनवायचा. गिऱ्हाइकाच्या हिरड्यांचा ठसा घ्यायचा, त्यात प्लॅस्टर ओतायचं आणि त्या साच्यावर कवळी बेतायची. इथवर ठीक. पण कवळी गेली की साचा कचऱ्यात टाकावा, एवढं साधं त्याला कधी जमलं नाही. "फुटली तर परत लागेल," म्हणून साचा फळीवर. माणूस मेला तरी साचा फळीवरच. पलंगाखाली, कपाटाच्या डोक्यावर, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी, जिकडे पाहावं तिकडे पिवळे पडलेले जबडे आ वासून बसलेले. लोकांचं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांचं असतं, हिचं हिरड्यांचं होतं.

ती स्वतः लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायची. दिवसभर परक्यांच्या मळक्या कॉलरी उलटून बघायच्या आणि घरी येऊन परक्यांच्या जबड्यांसमोर घास गिळायचा. सख्खी बहीण एकदा जेवायला आली, ती पुन्हा घराची पायरी चढली नाही. तिला दोष तरी कसा द्यायचा?

टेम्पो दारात लागला त्या सकाळी नवरा भलताच मवाळ झाला होता. "बरं बाई, राहू देत साचे इथंच," म्हणाला. या माणसाने आयुष्यात वाकडा खिळा फेकला नव्हता, त्यामुळे तिच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात तो एक पत्र्याचा डबा काखोटीला मारून गुपचूप बाहेर निघालेला दिसला.

"त्यात काय आहे?"

"कामाचं सामान."

"उघडा."

"अगं, हमाल खोळंबलेत."

"उघडा म्हणते ना."

झाकण निघालं आणि वासानेच तिने नाक दाबलं. आत वापरलेल्या कवळ्या होत्या. गिऱ्हाईक वारलं की घरचे आणून द्यायचे; त्यांना फेकवतही नसे आणि ठेवायची किळसही येई. म्हणजे सगळ्या गावाची घाण शेवटी हिच्याच घरात. काळवंडलेल्या, चिकट, फटींत काहीबाही सुकून बसलेलं. तरी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. बऱ्याचशा कवळ्यांना दातच नव्हते.

"यांचे दात कुठे गेले?"

"वापरतो की. गरम केलं की सुटतात. चांगला माल वाया का घालवायचा?"

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. हा तर मेलेल्यांचे दात उपटून भरायला निघाला होता.

आणि मग तिची जीभ आपसूक वरच्या दातांवरून फिरली. तिचे वरचे दात गेले तेव्हा यानेच कवळी करून दिली होती, वाढदिवसाची भेट म्हणून. सगळ्या गल्लीला ती हसून दाखवत फिरली होती.

"माझे कुणाचे?" तिने विचारलं.

"पोस्टातल्या बाईंचे. तुझ्या चेहऱ्याला अगदी शोभतात. आणि दोनदा उकळून घेतले होते मी."

पोस्टातली बाई तंबाखू खायची. जिभेने चाटून तिकिटं चिकटवायची आणि दर वाक्याला समोरच्याच्या तोंडावर शिंतोडे उडवायची. तिच्या दातांनी ही इतकी वर्षं जेवली होती, लाडाने नातवाच्या गालाचा चावा घेतला होता. तिला स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणत तिने या माणसाचं सगळं पोटात घातलं होतं. आता दातसुद्धा आपले निघाले नाहीत.

तिने कवळी काढून डब्यात टाकली, झाकण दाबून बसवलं आणि डबा मागे राहणाऱ्या साच्यांच्या फळीवर ठेवून दिला.

"अगं, वेडी की काय? जेवशील कशी?" तो खरोखर कळवळला. "नवी करून देतो. कोऱ्या दातांची. तुझी शपथ."

"तुम्ही नका करू." शब्दांतून हवा जात होती, पण ती सावकाश, नीट बोलली. "मी चौकातल्याकडे जाणार आहे."

चौकातल्या त्या दुसऱ्या कवळीवाल्याला हा उभा जन्म कसाई म्हणत आला होता. ती हात धुऊन आली आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.